रिफंडची तारीख

दिनकररावांनी टेबलावरचं कॅलेंडर उचलून राजेश्रीसमोर धरलं आणि खिशातलं लाल पेन उघडून तिच्या हातात दिलं.

"कोणत्याबी एका तारखेला गोल करा, मॅडम. पुढचं मी बघतो."

राजेश्रीनं पेनाला टोपण लावलं आणि ते कॅलेंडरवर आडवं ठेवून दिलं.

जिंतूरच्या बसस्टँडमागं, झेरॉक्सच्या दुकानावरच्या एका खोलीत बसून ती लोकांची इन्कमटॅक्सची रिटर्न भरायची. दिनकरराव जवळच्याच एका गावातल्या शाळेचे मुख्याध्यापक. सगळ्या स्टाफच्या एकोणीस फायली तेच एकगठ्ठा आणायचे, आणि तिच्या हंगामातलं निम्मं काम त्या एकोणीस फायलींचंच असायचं. आज शनिवारची सकाळची शाळा सुटल्या सुटल्या ते शिपाई दगडाबाईंसकट पाच-सहा जणांना जीपमध्ये घालून घेऊन आले होते.

भानगड साधीच होती. जूनमध्ये रिटर्न भरली. जादा कापलेला कर काही जणांना परत आला, बाकीच्यांना आला नाही. आणि दिनकररावांनी स्टाफरूममध्ये छातीठोकपणे सांगून टाकलं होतं की पंधरा ऑगस्टच्या आत सगळ्यांचे पैसे जमा, राजेश्री मॅडमनीच सांगितलंय. झेंडावंदन होऊन दोन आठवडे उलटले होते.

राजेश्रीनं असलं काही सांगितलं नव्हतं. धंद्याच्या पहिल्या वर्षी एका बाईला ती सहज "पंधरा दिवस धरा" म्हणाली होती. सोळाव्या दिवसापासून ती बाई डबा घेऊन जिन्याच्या पायरीवर येऊन बसायला लागली, ती दिवाळीपर्यंत. आपल्याकडं नुसतं "बघू" म्हटलं तरी माणूस तारीख धरून चालतो. तेव्हापासून सहा वर्षं तिनं तारीख म्हणून कुणाला दिली नव्हती, सख्ख्या मामालासुद्धा.

"सर, रिटर्न भरणं तेवढं माझ्या हातात. तपासणार इन्कमटॅक्सवाले, पैसे सोडणार तेच. आठ दिवसांत येईल, न्हाईतर डिसेंबरबी उजाडंल. मला ठाऊक न्हाई."

"ठाऊक न्हाई ते आपल्यात ठेवा. ह्यांचं समाधान नको का? एक तारीख सांगायला काय जातंय तुमचं?"

"माझी जबान जाते, सर."

मागं उभे असलेले विज्ञानाचे आदिनाथ सर पुढं सरकले. "म्हंजे पंधरा ऑगस्ट तुमी सांगितलंच न्हवतं?"

दिनकरराव राजेश्रीकडं बघायला लागले. त्या बघण्यात विनंती होती आणि दमही होता. आता नुसतं गप्प बसलं तरी भागणार होतं, हे तिला कळत होतं. दिवाळीनंतर घरमालक खोलीचं भाडं वाढवणार होता. पण तिला संताप आला. ह्या माणसानं तिला न विचारता तिचं तोंड वापरलं होतं.

"न्हाई. मी कधीच सांगितलं न्हाई," ती म्हणाली.

दिनकररावांचे कान लाल झाले. "परभणीत एक जण हाय. दहा दिवसांत आणून देतो म्हणायलाय. वर चार खोट्या देणग्या दाखवून रक्कमबी वाढवून देतो."

"मग खुशाल जावा की. फक्त नोटीस आली की माझा जिना चढू नका."

तिनं उठून कपाटातल्या एकोणीसच्या एकोणीस फायली काढल्या, टेबलावर आपटल्या आणि वर दोरीनं बांधूनही दिल्या.

"दगडाबाई, घ्या गठ्ठा," एवढं बोलून दिनकरराव जिना उतरले. त्यांच्या मागं बाकीचे. आदिनाथ सर दारात जरा घुटमळले, पण मुख्याध्यापकाशी वाकडं कोण घेणार? तेही गेले.

दगडाबाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. जिन्यावरचे पाय वाजायचे थांबले तशी त्यांनी दोरीची गाठ सोडली, आपली फाइल शोधून काढली आणि टेबलावर परत ठेवली.

"माझी हितंच राहू द्या."

"सर रागावतील."

"रागावू द्या. रिटायर व्हायला दीड वर्ष राहिलंय माझं." मग त्यांनी आवाज खाली आणला. "अन् माझे पैसे तर येऊन बसलेत. पंधरा दिवस झाले."

राजेश्रीनं कॉम्प्युटरवर बघितलं. खरंच की, जमा झाले होते.

"मग पैसे न आलेल्यांत कशाला उभ्या राहिलात?"

दगडाबाईंनी पदर तोंडाला लावला. त्यांचे पुढचे दात कधीच गेले होते आणि मागचे दोन-चार तेवढे उरले होते. "मला कवळी बसवायचीय. डाक्टरनं माप घेतलंय, शुक्रवारी देणार हाय. लेकाच्या कानावर गेलं तर मग झालंच. त्याला मोटारसायकल पाहिजे. तिशी उलटली तरी माझ्याच पगारावर नजर हाय त्याची. माझं तोंड असंच राहिलं तरी त्याला काय?"

तेवढ्यात त्यांच्या पिशवीतला फोन वाजला. त्यांनी बघितलं आणि तो तसाच राजेश्रीच्या हातात दिला.

"हरिओम हाय, लेक. तुमीच सांगा. तुमी खोटं बोलत न्हाई हे समद्यांला ठाऊक हाय."

राजेश्रीनं फोन कानाला लावला.

"मॅडम हायत का? बरं झालं. आईचा रिफंड कवा येणार? मी शोरूमवाल्याला सोमवारची तारीख देऊन बसलोय."

आज हा दुसरा गडी, तिला न विचारता तारीख वाटून मोकळा झालेला. एकाच्या खात्याचं दुसऱ्याला सांगत नाही, एवढं म्हणून तिला फोन ठेवता आला असता. पण तेवढ्यानं ह्याचं भागलं नसतं. सोमवारी सकाळीच तो आईचं पासबुक घेऊन बँकेत उभा राहिला असता. समोर दगडाबाई पदर तसाच धरून उभ्या होत्या.

"लिहून घ्या," राजेश्री म्हणाली. "पोळ्याला."

"पोळ्याला? पोळा तर आत्ताच झाला की, मॅडम."

"पुढच्या," ती म्हणाली आणि फोन दगडाबाईंच्या हातात दिला.