जागी मुळी

हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्या केव्हाच भरल्या होत्या, खिडक्यांच्या कट्ट्यांवर माणसं चढून बसली होती आणि जिन्यात अडकलेली गर्दी पुढच्यांच्या पाठीत ढोसण्या देत विचारत होती, "काय झालं? हलली का?"

"हलली! हलली!" आतून ओरडा झाला आणि टाळ्यांचा कडकडाट उडाला.

वैद्यबाई तिसऱ्या रांगेत हाताची घडी घालून बसल्या होत्या. त्या काही आपणहून आल्या नव्हत्या. थोरल्या बहिणीनं, ताईनं, दंडाला धरून आणलं होतं. आणि आता समोर व्यासपीठावर ताईचा नवराच तळहात पसरून उभा होता. भाऊजी दुकानांच्या पाट्या रंगवायचे. रंगानं कायमच्या निळसर झालेल्या त्या ओल्या तळहातावर सुतासारखं बारीक, तपकिरी मूळ ठेवलेलं होतं. ते खरोखर हलत होतं. आधी टोक वर आलं, मग सगळं मूळ अंग पिळवटत, गिरक्या घेत तळहातावर फिरू लागलं.

"सर्पगंधा!" मुळीबाबा माइकमध्ये गरजला. "नावातच सर्प आहे, मायबाप! बाजारात मिळते ती मेलेली मुळी. ही जागी मुळी! हिला रोगाचा वास येतो. या माणसाच्या रक्तात नाग फणा काढून बसलाय, म्हणून ही तळमळतेय. सांगा, काय होतंय तुम्हाला?"

"बीपी आहे," भाऊजी पुटपुटले.

"मी पट्टा आवळला? मशीन लावलं? मुळीनं सांगितलं!"

"जाहिरातीत बीपीवाल्यांनाच बोलावलंय, मग बीपीच निघणार ना," वैद्यबाई म्हणाल्या.

"तू गप गं," ताई म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

बाबानं भाऊजींच्या जिभेवर चिमूटभर पूड ठेवली, काहीतरी अगम्य पुटपुटला. चेल्यानं त्यांचे हात पुसून त्यांवर पांढरी भुकटी चोळली, "शुद्धीसाठी". मग दुसरं मूळ तळहातावर ठेवलं. सगळा हॉल श्वास रोखून बघत राहिला. मूळ ढिम्म हललं नाही.

"नाग गेला!" बाबा ओरडला. "घरच्या गोळ्या गटारात फेका!"

मग बँकेतून निवृत्त झालेले मॅनेजरसाहेब उठले. "मी जन्मभर आकड्यांत काढलेला माणूस. सहजासहजी भुलणारा नव्हे," असं सांगून त्यांनी आपण गोळ्या बंद केल्याचं आणि झोप कशी छान लागते याचं साग्रसंगीत वर्णन केलं. सर्वात जास्त टाळ्या त्यांनाच पडल्या. शेवटी बाबानं हात जोडले. "मुळी दुर्मिळ झाली, मायबाप. माझ्याकडची संपत आली. तुम्ही मुळी आणा, जागी मी करून देतो."

म्हणजे माल लोकांचा, मेहनत लोकांची आणि दक्षिणा बाबाची.

जिना उतरताना वैद्यबाईंचं डोकं नुसतं तापलं होतं. दोरा नव्हता, चुंबक नव्हता, मग ते मूळ हललं कसं? ते कळत नव्हतं, याचा राग वेगळाच.

"भाऊजी, गोळ्या बंद करायच्या नाहीत हं," त्या म्हणाल्या.

"गोळी घेतली की शिडीवर गरगरतं गं मला. पाटी रंगवू की तोल सांभाळू?"

"मग ते डॉक्टरांना सांगा, गोळी बदलून देतील. तुम्ही त्यांना सांगतच नाही आणि या सोंगाड्याला सांगता!"

"पण सर्पगंधा बीपीवर चालते, हे तूच सांगितलं होतंस," ताई म्हणाली.

"चालते, म्हणून तर भीती वाटते. त्या मुळीत औषध आहे ताई, जादू नाही. किती द्यायची, कुणाला नाही द्यायची, सोबत काय चालू आहे, सगळं बघावं लागतं. आणि मूळ काढलं की झाड मेलं. लोकांनी इतकी उपटली की टेकडीवर आता औषधालाही सापडत नाही. माझ्या वाफ्यातली आहे ती बियांसाठी."

तो वाफा दवाखान्याच्या मागच्या अंगणात होता. सर्पगंधेचं बी मोठं हट्टी. पेरलेल्यातलं थोडंच उगवतं. वैद्यबाईंनी वर्षानुवर्षं एकेक रोप जगवलं होतं. झाडं जेमतेम गुडघाभर, पण तुकतुकीत पानांची, पांढऱ्या फुलांना लाल देठ. बी धरलं की रोपं करायची आणि टेकडीवर परत लावायची, असं त्यांच्या मनात होतं.

दुसऱ्या दिवसापासून सगळं गाव कुदळी घेऊन टेकडीवर लोटलं. ज्याला सर्पगंधा म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं, तोही दिसेल ते झुडूप मुळासकट उपटत होता. बाबालाही ती ओळखता येत नसावी. त्याच्यापुढे कसलंही मूळ ठेवा, तो फुंकर घालून "जागं" करून द्यायचा. वैद्यबाई वाटेत उभं राहून ओरडल्या, झाडं दाखवून समजावलं. "बाईंचा धंदा बसतोय," असं कुणीतरी म्हणालं आणि लोक हसत वर गेले.

त्याच आठवड्यात एका सकाळी त्यांनी अंगणाचं दार उघडलं आणि त्या जागीच थिजल्या. वाफा उकरलेला होता. पानं, फुलं, कच्ची फळं मातीत तुडवलेली. एकही झाड शिल्लक नव्हतं. कुंपणाच्या फाटकाचं कुलूप मात्र शाबूत होतं. ते किल्लीनं उघडलं होतं, आणि दुसरी किल्ली ताईकडे असायची.

त्या रागारागानं ताईला फोन लावणार, तेवढ्यात तिचाच आला. "लवकर ये गं! हे न्हाणीघरात पडलेत, उठत नाहीत!"

ताईचं घर मागच्याच गल्लीत. वैद्यबाई धावत पोचल्या. भाऊजी ओल्या फरशीवर वाकडेतिकडे पडले होते, कपाळ फुटलं होतं, चेहरा राखेसारखा झाला होता. ताई आपली शाल त्यांच्या जखमेवर दाबून बसली होती. वैद्यबाईंनी नाडी धरली. एक ठोका झाला की दुसरा येतो की नाही, अशी ती चालत होती. चुलीवर पातेलं होतं, तळाशी उकळलेल्या मुळ्यांचा गच्च लगदा. त्यांनी बोट बुडवून जिभेला लावलं. कडूजहर. त्यांचीच सर्पगंधा.

"किती प्यायले?"

"बाबा म्हणाले, जितकी जास्त घ्याल तितका नाग लवकर निघेल..."

रुग्णवाहिकेत भाऊजींच्या खिशात गोळ्यांचं पाकीट सापडलं, अर्धं संपलेलं. बिचारे चोरून गोळ्याही घेत होते. बाबावर विश्वास होता, पण जिवाची भीतीही होती.

"गोळीही दाब उतरवते आणि हा काढाही," रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दोघांनी मिळून यांना पार तळाला नेलं. जीव वाचेल असं वाटतंय. पण खुब्याचं हाड मोडलंय. शिडी आता विसरा."

ताई व्हरांड्यातल्या बाकावर मटकन बसली. तिच्याकडे बघवत नव्हतं आणि तिच्याशी बोलवतही नव्हतं. हाताला काहीतरी काम हवं म्हणून वैद्यबाईंनी ती रक्तानं भरलेली शाल उचलली आणि कोपऱ्यातल्या बेसिनमध्ये धुवायला घेतली. शाल कुसळांनी भरली होती. कोरड्या गवतातून चालल्यावर कपड्यांत घुसून टोचतात ना, ती. त्या वैतागून एकेक कुसळ उपटून तळहातावर ठेवू लागल्या.

तळहातावरचं कुसळ हललं.

आधी टोक वर आलं. मग ते अंग पिळवटत, गिरक्या घेत फिरू लागलं. मग दुसरं, मग तिसरं.

"ताई," त्या हळूच म्हणाल्या, "ही शाल घेऊन कुठं गेली होतीस?"

"टेकडीवर. तिथं काही मिळालं नाही, म्हणून मग..." ताई रडू लागली. "मीच उकरला गं तुझा वाफा. मला मार हवं तर."

वैद्यबाईंनी ओला हात तिच्यापुढे धरला. ताईनं बघितलं. तिचं रडणं थांबलं, आणि तिच्या तोंडून जी शिवी निघाली ती वैद्यबाईंनी तिच्या तोंडून जन्मात ऐकली नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी पोलिसांना कळवलं. पण पोलिस येईपर्यंत दुपारची सभा सुरू होणार होती, आणि वैद्यबाईंना थांबवत नव्हतं.

ताईला आणि ती शाल सोबत घेऊन त्या हॉलवर पोचल्या आणि सरळ व्यासपीठावर चढल्या. "बाबा, मला तपासा."

"हात धुऊन घ्या, माई," चेल्यानं पाण्याचं भांडं पुढे केलं.

"एकच धुते." त्यांनी उजवा हात बुचकळला आणि डाव्याला तिथलीच पांढरी भुकटी फासली. "आता ठेवा दोन्हींवर."

एवढ्या लोकांदेखत बाबाला नाही म्हणता येईना. उजव्या तळव्यावरचं मूळ वळवळू लागलं. डाव्यावरचं जसंच्या तसं.

"उजवा हात आजारी आणि डावा ठणठणीत?" वैद्यबाईंनी लोकांना विचारलं. "मला हृदयं दोन आहेत की काय?"

खसखस पिकली. पण बाबा मुरलेला होता. "उजवा हात कर्माचा, माई! रोग आधी कर्माच्या हातात उतरतो!" काहींनी मानाही डोलावल्या.

वैद्यबाईंनी टेबल पुसायचं ओलं फडकं ओढलं आणि तेच मूळ त्यावर ठेवलं. ते तिथं जास्तच जोरात नाचू लागलं, आणि त्याचा तपकिरी रंग फडक्यावर उतरला.

"आणि याला कधीपासून बीपी आहे?"

मग असा हशा उसळला की चेल्यानं माइक बंद केला. "मुळीचा अपमान! भस्म होशील!" बाबा किंचाळला.

वैद्यबाईंना माइकची गरज नव्हती. त्यांनी ती शाल पहिल्या रांगेवर भिरकावली. "ही टेकडीवरची कुसळं. तुमच्या पायमोज्यांत आहेत, घरच्या केरात आहेत. एकेक उपटा आणि थुंकी लावा. बघता काय? लावा!"

लोकांनी लावली. "अगं बाई, माझं पण हललं!" एक म्हातारी ओरडली. रांगेमागून रांग तळहातांवर वाकली.

"कुसळ म्हणजे गवताचं बी, त्याच्या शेपटीला पीळ असतो. ओल लागली की तो सुटतो, वाळलं की परत बसतो. तसंच ते बी जमिनीत घुसतं. त्याला ओल कळते, रोग नाही कळत! आधी हात धुवायला लावायचे म्हणजे रोग दिसतो. मग पुसून भुकटी फासायची म्हणजे रोग जातो. एवढ्यावर तुम्ही गोळ्या फेकल्यात! माझे भाऊजी रुग्णालयात मोडून पडलेत. सगळी टेकडी उपटलीत तुम्ही, एका रंगवलेल्या कुसळासाठी!"

पोलिस आले तेव्हा बाबा मागच्या दारानं सटकत होता. दाराशी ताई उभी होती. तिनं त्याची कफनी दोन्ही मुठींत धरली होती आणि पोलिसांनाही ती सोडवायला वेळ लागला.

गलका जरा निवला, तसे मॅनेजरसाहेब पुढे आले. घसा खाकरून म्हणाले, "तो भामटा निघाला, ते कळलं. पण बाई, खरी मुळी कुठं मिळेल?"

वैद्यबाईंना वाटलं, याच्या कानाखाली काढावी.

"मिळणार नाही! शेवटची होती ती आज सकाळी एका पातेल्यात उकळून संपली. बसा खाली. हात पुढे करा."

त्यांनी पिशवीतून पट्टा काढून साहेबांच्या दंडाला आवळला, हवा भरली, आणि आकडा त्यांच्यापुढे धरला. जन्मभर आकड्यांत काढलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला.

"पण मला तर काहीच त्रास नव्हता... झोपही छान..."

"त्रास होत नाही म्हणूनच हा रोग माणसं मारतो. इथून थेट डॉक्टरांकडे जायचं आणि गोळी आजच सुरू करायची." मग त्या सगळ्यांकडे वळल्या. आवाज चढलेलाच होता. "कुणी चमत्कार दाखवला तर टाळ्या पिटायच्या आधी तो स्वतःच्या हातानं करून बघा. ओल्या हातानं करा, कोरड्या हातानं करा. करू देत नसेल, तर तिथंच समजा. आणि कुणी औषध फेकायला सांगितलं, तर त्याला एवढंच विचारा, मी पडलो तर उचलायला तू येणार आहेस का?"

वैद्यबाईंनी साहेबांच्या दंडावरचा पट्टा सोडवला आणि बाही वर करत म्हणाल्या, "चला, पुढचं कोण?"