ड्रॉवरमधली मालिका

हातांना मेण लागलं होतं म्हणून ताईने ड्रॉवर कोपराने ओढला, आत उताण्या पडलेल्या मोबाइलवर करंगळी टेकवली आणि ड्रॉवर पुन्हा ढकलून दिला. 'अजून बघताय का?' असं मोबाइल मघापासून विचारत होता. बघतेय म्हणून सांगणं भागच होतं. आत अंधारात, आवाज बंद करून, सगळ्या जगाने डोक्यावर घेतलेली ती जपानी मालिका परत सुरू झाली. बघायला होते ड्रॉवरमधले प्लास्टरचे जबडे.

"बाई, नुसती बॅटरी जाळताय," समोरच्या टेबलावरून चिमणी म्हणाली. दातांच्या लॅबमध्ये कवळ्यांना पॉलिश करणारी ही पोरगी. आवाज बारीक म्हणून चिमणी, जीभ मात्र तिखट. "नाही आवडत तर द्या की सोडून. जबरदस्ती आहे का कुणाची?"

"आवडत नाही असं नाही गं. वेळ होत नाही."

"मला सांगताय! त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत दुसरा भाग लावलात आणि घोरायला लागलात. मी ऐकलंय."

ताईने मेणाच्या हिरडीत पुढचा दात बसवला आणि चिमट्याने किंचित कलता केला.

प्रयत्न केला नाही असं कुणी म्हणू नये. तिने केला होता. समुद्रात बुडालेलं एक शहर, त्यात उरलेलं एकच दीपगृह, ते सांभाळणारी म्हातारी आणि तिच्याकडे येऊन राहिलेली एक मुकी मुलगी. पहिल्या भागात दोघी जिना चढतात. दुसऱ्यात उतरतात. तिसऱ्यात धुकं पडतं आणि शेवटपर्यंत उठत नाही. चित्रं सुंदर होती, नाही कोण म्हणतंय? पण सुंदर चित्रं किती वेळ बघायची! आणि जो तो म्हणे, डोळ्यांतून पाणी आलं, आयुष्य बदललं. ते सगळं वाचून ताईला स्वतःचीच शंका यायला लागली. सगळ्यांना लागतं आणि आपल्याला लागत नाही, म्हणजे आपल्यातच काहीतरी कमी असणार. ती मालिकेवर चिडली असती तर बरं झालं असतं. तिला लाजच वाटायची.

तरी ती केव्हाच सोडून मोकळी झाली असती. पण बघ म्हणून सांगणारा तिचा धाकटा भाऊ होता.

आईच्या आजारपणात धाकट्याने नोकरी सोडली होती. दिवसभर आईजवळ तोच असायचा. आई गेली आणि त्याने आपल्या खोलीचं दार जे लावून घेतलं, ते जेवणापुरतं उघडायचं. विचारलं तर हो, नाही, बघू. एका संध्याकाळी ताईने सहज विचारलं, काय बघतोस रे सारखा? तर हा मुलगा दारात उभा राहून अर्धा तास बोलला. हातवारे करून बोलला. चहा गार झाला तरी बोलत होता. ती त्याला कार्टून म्हणाली तर केवढा रागावला! "कार्टून नाही, ताई, ॲनिमे!" त्याला रागावलेलं बघूनसुद्धा तिला बरं वाटलं होतं. "तू बघच," तो म्हणाला. "सुरुवातीला रेंगाळते. पण बाराव्या भागापर्यंत धीर धर, मग सुटणार नाही."

आता त्याला कंटाळा येतो म्हणून कसं सांगायचं? सांगितलं की दार पुन्हा बंद. तेवढीच तर फट उघडली होती.

मालिका त्याच्या खात्यावर होती. त्यात त्याने तिच्यासाठी 'ताई' नावाचा वेगळा कप्पा काढून दिला होता आणि कोण कुठपर्यंत पोचलं ते दाखवणारी लाल रेघ त्यालाही दिसायची. चौथ्या भागावर रेघ अडकली तेव्हा जेवताना तो म्हणाला, "बघत नाहीयेस वाटतं," आणि ताट उचलून आत गेला. दुसऱ्या दिवसापासून रेघ ड्रॉवरमध्ये पुढे सरकू लागली. कथा काय झाली ते ताई येता-जाता इंटरनेटवर वाचून घ्यायची. शाळेत असताना कधी कॉपी केली नाही, ती हौस पन्नाशीत फिटली.

एकोणिसाव्या भागात म्हातारी जाते. हेही तिने वाचलेलंच होतं. सगळे त्या भागाला रडले होते, म्हणून त्या रात्री सूप वाढताना ती म्हणाली,

"आज एकोणिसावा झाला. रडवलं रे मला म्हातारीने."

धाकट्याचा चमचा तोंडाशी थांबला.

"रडलीस तू?"

"हो ना."

"खरंच? पाणी आलं डोळ्यांत?"

"अरे हो, किती विचारशील! रुमाल भिजला."

त्याने चमचा खाली ठेवला. मग तो हसला. असं हसताना तिने त्याला कितीतरी महिन्यांत बघितलं नव्हतं.

"मला वाटायचं, मीच एकटा असा आहे," तो म्हणाला. "आई गेली तेव्हा चार माणसांत मी भोकाड पसरलं. एवढा मोठा बाप्या. आणि तू फोन करत होतीस, डॉक्टरांशी बोलत होतीस, आलेल्यांना पाणी देत होतीस. डोळ्यांत टिपूस नाही. मला माझीच शरम वाटायची ताई. तुझ्यासमोर यायची शरम वाटायची."

ताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच क्षणी सांगून टाकायला हवं होतं. पण धाकट्याने तिच्या वाडग्यात आणखी सूप घातलं, पावाचा मोठा तुकडा तिच्याकडे सरकवला, आणि तिने तो खाल्ला.

त्यानंतर घरात काय काय व्हायला लागलं! धाकट्याने दाढी केली. खोलीची खिडकी उघडली. बाजारातून अंडी आणली, त्यातली दोन फोडली आणि त्यावर विनोदही केला. शुक्रवारी सांगतो काय, तर जुन्या ऑफिसातल्या मित्राला फोन केलाय, रविवारी भेटायला जाणार आहे. ताई प्रत्येक वेळी 'वा' म्हणायची आणि तोंड फिरवायची. प्रत्येक चांगल्या गोष्टीगणिक तिची लाज वाढत होती. खोट्या रडण्यावर पोरगा उभा राहिला होता. ते कळलं तर पुन्हा पडेल, आणि पडला तर उचलायला कुणी नव्हतं.

तिने चिमणीला सांगितलं. कुणाला तरी सांगायलाच हवं होतं.

चिमणीने पॉलिशचं यंत्र बंद केलं. "बाई, अहो सोपं आहे. तो भाग लावा आणि रडून या. म्हणजे खोटं उरायचं नाही."

"रडणं काय ठरवून येतं?"

"जगाला आलंय. तुम्हाला काय धाड भरली?"

रविवारी धाकटा मित्राकडे गेल्यावर ताईने पडदे ओढले, हॉलमधल्या टीव्हीवर एकोणिसावा भाग लावला आणि शहाण्या विद्यार्थिनीसारखी ताठ बसली. रुमाल मांडीवर घेतला. म्हातारी दिवा पुसत होती. मुकी मुलगी खिडकीत उभी होती. धुकं होतंच. ताईने जांभई दाबली आणि स्वतःला शिवी दिली.

मग म्हातारी जेवायला बसली. पाव पाण्यात बुडवला, मऊ होईपर्यंत धरला आणि तोंडात घातला. ताई पुढे झुकली. म्हातारी उजव्या बाजूनेच चावत होती. घास चुकून डावीकडे गेला की तिचा डोळा किंचित बारीक व्हायचा, आणि मुलीचं लक्ष आहे असं दिसलं की ती हसायची.

"डावीकडे टोचतंय हिला," ताई एकटीच मोठ्याने म्हणाली.

तिने मागे नेऊन परत बघितलं. ज्याने कुणी हे काढलं होतं त्याने म्हातारं माणूस जेवताना बघितलेलं होतं, यात शंका नव्हती. पुढे म्हातारी गेली, लाटा आल्या, जगाला रडवणारं संगीत वाजलं. ताईचे डोळे कोरडेच. तिने पुन्हा मागे नेलं. पाव, पाणी, उजवी बाजू. पुन्हा. कितव्यांदा कोण जाणे, तेवढ्यात दारात किल्ली फिरली.

"परत बघतेस?" धाकटा आत येत म्हणाला. चेहरा खुलला होता. "मित्र म्हणाला, पुढच्या आठवड्यात ये, बोलू साहेबांशी. आणि तू बघ, तू अडकलीस की नाही त्यात? मी म्हटलं नव्हतं?"

ताईने चित्र थांबवलं. पडद्यावर म्हातारीचा हात पाण्यात तसाच राहिला.

"पहिल्यांदाच बघतेय," ती म्हणाली.

"काय?"

"पहिले तीन बघितले. त्यातल्या दुसऱ्याला झोपले. बाकीचे लॅबमध्ये ड्रॉवरमध्ये लावून ठेवायचे. रेघ पुढे जावी म्हणून."

"ड्रॉवरमध्ये?"

"प्लास्टरच्या जबड्यांसमोर."

त्याच्या ओठांवर हसू येऊ लागलं होतं, ते अर्ध्यात थांबलं. तो एका पायातला बूट काढून तसाच उभा राहिला.

"म्हणजे रडली नव्हतीस."

"नाही."

"आणि आत्ता?"

"आत्ताही नाही आलं. लाज वाटते रे मला. पण नाही आलं."

धाकट्याने मान हलवली. दुसरा बूट काढला, दोन्ही नीट शेजारी ठेवले आणि खोलीकडे निघाला. दाराच्या कडीला त्याचा हात लागला तेव्हा ताई उठली.

"थांब. आईची कवळी मी केली होती, आठवतं?"

तो थांबला, पण वळला नाही.

"आजारात ती वाळली. हिरड्या बसल्या. कवळी सैल झाली, टोचायला लागली. मला म्हणाली दोनदा. मी म्हटलं उद्या नेते. नुसती आतून घासायची होती, पाच मिनिटांचं काम. दिवसभर तिथे बसून लोकांच्या घासत होते मी. हिची उद्यावर. मग ती गेली, आणि तिचा चेहरा बरा दिसावा म्हणून मी ती तशीच तिच्या तोंडात बसवली. तशीच, टोचणारी." ताईने रुमालाची घडी घातली, उलगडली, परत घातली. "लोक येऊन म्हणत होते, मुलीने किती केलं आईचं. मग कुठल्या तोंडाने रडायचं मी?"

धाकटा परत आला. तिच्या शेजारी बसला नाही, समोर जमिनीवर बसला, टीव्हीकडे पाठ करून.

"तुला दोनदाच म्हणाली," तो म्हणाला. "मला रोज म्हणायची."

ताईने वर बघितलं.

"मी म्हणायचो, संध्याकाळी ताईला सांगतो. तर हात धरायची. म्हणायची, दिवसभर लोकांचे दात बघून दमून येते ती, घरी आल्यावर माझे नको दाखवूस तिला. शपथ घातली होती. मग तू यायच्या आत मी तिला भरवून टाकायचो. पाव भिजवून. तू आलीस की विचारायचीस, जेवली का? मी म्हणायचो, जेवली, छान जेवली."

"मला सांगितलं का नाहीस नंतर?"

"तोंडातून निघेना." त्याने मागे न बघता अंगठ्याने पडद्याकडे दाखवलं, जिथे पाण्यात पाव धरलेला हात थांबलेला होता. "म्हणून हे बघ म्हणालो. म्हटलं, इथपर्यंत पोचलीस की तूच विचारशील."

खालच्या रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं. धाकटा उठला, रिमोट तिच्या हातातून काढून घेतला आणि टीव्ही बंद करायला बोट ठेवलं.

"नको," ती म्हणाली. "चालू दे."

"तुला आवडत नाही ना पण."

"नाही आवडत. चालू दे."

त्याने चित्र सुरू केलं. म्हातारीने घास तोंडात घातला.

"आवाज मोठा कर जरा," ताई रुमाल डोळ्यांशी नेत म्हणाली.

त्याने केला.

"आणखी."

त्याने आणखी केला. शेजारच्यांनी भिंत ठोकावी इतका केला, आणि तिच्याकडे वळूनही न पाहता भाग संपेपर्यंत टीव्हीकडेच बघत राहिला.