आईच्या नावातला रिकामा चौकोन

संगणकावर आईचं नाव आमच्या क्री लिपीत लिहिलं की मधे एक रिकामा चौकोन येतो. माशाच्या गळासारखं वाकलेलं, पोटात ठिपका असलेलं ते अक्षर आमच्या नदीकाठची चार घरंच लिहीत. जगातल्या अक्षरांच्या यादीत त्याला क्रमांक नाही, म्हणून यंत्राला ते दिसतच नाही. मी शाळेत क्री, आम्हा मूळनिवासींची भाषा, शिकवते. क्रमांक देणाऱ्या समितीला दोन वर्षं पत्रं लिहून मी भंडावून सोडलं, तेव्हा कुठे उत्तर आलं: दोन वेगवेगळ्या माणसांचं जुनं लेखन दाखवा.

एक होतं, आजोबांच्या प्रार्थनेच्या पुस्तकात. दुसरं म्हणजे आईची पत्रं. ती क्षयाच्या दवाखान्यात तीन वर्षं होती, तिथून तिने बहिणीला चाळीस पत्रं लिहिली होती. मी धावत इफी मावशीकडे गेले. ती रानहंसाची पिसं उपटत बसली होती.

"मावशी, आईची पत्रं कुठायत?"

"डेझीकडे."

"म्हणजे? आई तर गेली."

"शहाणे, ती गेल्यावर चौथ्या दिवशी तिचं सगळं जाळलं ना आपण? बुटांत खुपसली होती मी. बूट तूच टाकलेस."

आमच्यात मेलेल्या माणसाच्या वस्तू त्याच्यामागे धाडतात. बूट जड लागले होते, पण मी आत पाहिलं नाही. वर काठीने विस्तवही सारला. स्वतःचाच इतका राग आला की तो मी मावशीवर काढला.

"एक तरी ठेवायचं होतंस! ती पत्रं तुझी होती!"

"माझी होती म्हणून तर दिली. दुसऱ्याचं देऊन का कुणाला पोचतं?"

मग हात पुसून तिने पेन्सिल मागितली. गोऱ्यांच्या निवासी शाळेत आमची ही अक्षरं लिहिली म्हणून तिची बोटं फोडली होती, त्यानंतर तिने कधी लिहिलं नव्हतं. तिने आईचं नाव लिहिलं, ठिपक्यासकट.

"घे. पाठव तुझ्या साहेबांना."

"जुनं हवंय, मावशी."

"मी ऐंशीची आहे. अजून किती जुनी होऊ?"

तरी मी पाठवलं. तीन ओळींचं उत्तर आलं: अर्जासाठी मुद्दाम लिहिलेलं धरत नाही, प्रकरण बंद. वाईट वाटलं, पण तिच्यापासून लपवलं नाही.

"मग जुनं होऊ दे," ती म्हणाली.

तेव्हापासून ती रोज एक पान लिहिते. किती मासे मिळाले, बर्फ कुठे फुटला, कोण कुणाशी भांडलं. पानं बिस्किटांच्या डब्यात टाकते. काल डबा माझ्यापुढे सरकवला.

"मी गेले की माझं सगळं जाळ. हा तेवढा ठेव."

"रिकाम्या हाताने जाशील?"

"डेझीकडे चाळीस आहेत की. तीच वाचेन."

मी हो म्हटलं. लेखन जुनं कधी होतं, हे समितीला विचारायची मला भीती वाटते.