साक्षीचा कठडा आणि अंजूरचा जिताडा

मित्रांनो, मी एक जुना साक्षीचा कठडा आहे. भिवंडीच्या कोर्टात, न्यायाधीशांच्या उजव्या हाताला माझा मुक्काम. पुष्कळ लोक मला 'पिंजरा' म्हणतात, त्याचं मला वाईट वाटतं. पिंजऱ्यात कोंडतात. माझ्यात माणूस स्वतःच्या पायांनी चढतो आणि खरं बोलून मोकळा होतो. निदान तसं व्हावं म्हणून मला घडवलं.

जवळच्याच कोन नावाच्या गावातल्या एका सुताराने मला सागवानातून केलं. रंधा मारताना तो म्हणायचा, "वरची पट्टी गुळगुळीत पायजे. घाबरलेला मानूस हिलाच धरनार हाय." त्याचं बोलणं खरं ठरलं. सुरुवातीच्या वर्षांत लोक चपला खाली काढून माझी पायरी चढत. एकदा एका यंत्रमागवाल्याने "जो कहूँगा सच कहूँगा" म्हणताना मला इतकं घट्ट धरलं, की त्याच्या हाताचा घाम माझ्यात मुरला. न्यायाधीश म्हणाले, "कठडा मजबूत आहे हो!" मी केवढा फुशारलो होतो!

पुढे दिवस पालटले. आजूबाजूला गोदामं उठली, जमिनीला सोन्याचा भाव आला आणि 'दावा ठोकीन' हे वाक्य लोकांच्या जिभेवरच बसलं. कुणाची कोंबडी अंगणात आली, ठोक दावा! दावा लावणारा घरी पाय पसरून बसायचा, त्याचा वकील येऊन तारीख घेऊन जायचा. ज्याच्यावर दावा, तो मात्र कामधंदा बुडवून हेलपाटे घालायचा. माझ्यावर चढायची पाळी कुणावर येईनाच. आमचा पट्टेवाला लडकू पावसाळ्यात माझ्यावर छत्री वाळत घालू लागला. तिचं पाणी झिरपून माझी पायरी फुगली. खरं सांगतो, मला रडू यायचं.

तेव्हा समोरच्या बाकावर दर तारखेला अंजूर गावच्या तुळजाबाई येऊन बसत. भाजी विकून त्यांनी घर बांधायला काढलं होतं. भिंती उभ्या राहिल्या आणि शेजारच्या भाऊंनी दावा ठोकला, की भिंत त्यांच्या जागेत आली. भाऊ म्हणजे गावातलं बडं प्रस्थ, गोदामांचे मालक. मनाई हुकूम निघाला, काम थांबलं. बिनछपराच्या त्या भिंतींवर दोन पावसाळे कोसळले. आणखी एक पाऊस त्या सोसणार नाहीत, असं गवंड्याने सांगून टाकलं होतं.

यंदा मृणाली मॅडम न्यायाधीश म्हणून आल्या आणि त्यांच्या पाठोपाठ नवा नियम आला. दावा लावणाऱ्याने आधी स्वतः कठड्यात उभं राहायचं आणि शपथेवर आपलं गाऱ्हाणं सांगायचं. त्यात दम नसेल, तर दावा तिथेच निकालात काढायचा आणि समोरच्याचा खर्च भरून द्यायला लावायचा. रेंगाळलेल्या जुन्या दाव्यांनाही हेच लागू. शिवाय न्यायाधीशाला कुणी भेट पाठवली, फोन केला, तर ते भर कोर्टात सांगायचं. आणि कुणी तक्रार केली एवढ्यावरून न्यायाधीशाची बदली होणार नाही.

लडकूने गेल्या पावसाळ्यापासून माझ्यावरच पडलेली छत्री उचलली आणि ओल्या फडक्याने मला पुसलं. मग त्याने भाऊंच्या दाव्याचा पुकारा केला. भाऊ ऐटीत चढले, शपथ घेतली.

मॅडमनी विचारलं, "काल माझ्या घरी एक जिताडा आला. कुणी पाठवला, कुणाला ठाऊक आहे?"

मित्रांनो, आमच्या खाडीकाठी जिताडा म्हणजे मानाचा मासा. नवा साहेब आला की त्याला जिताडा धाडायचा, ही जुनी रीत. त्यात काही वावगं आहे असं तिथे कुणाच्या मनातही येत नाही. भाऊंचा चेहरा खुलला.

"मीच धाडला, मॅडम! खाडीचा हाय, एकदम ताजा. कसा लागला?"

कोर्टात हशा पिकला. भाऊंच्या वकिलाने कपाळाला हात लावला. मॅडम मात्र हसल्या नाहीत.

"मी तो आल्या पावली परत पाठवला. भाऊ, उद्या तुमच्यावर कुणी खोटा दावा लावला आणि मला दोन जिताडे पाठवले, तर तुम्ही न्याय मागायला कुठे जाल?"

भाऊंनी माझी पट्टी धरली. तळहाताला घाम सुटला होता.

"भिंत तुमच्या जागेत किती आली?"

"त्ये वकिलाला म्हाईत."

"मोजणी केलीत?"

"न्हाय."

"मग दावा का लावलात?"

भाऊ म्हणाले, "गावात कुनाचाबी पाया खनला, का पयला नारळ आमच्या घरचा मानूस फोडतो. बापापासून चालत आलंय. हिनं मला बोलावलंच न्हाय."

तुळजाबाई बाकावरून ताडकन उठल्या. "अवो, मी दोनदा आली व्हती तुमच्या दारात! घराला कुलूप व्हतं. तुमी बारशाला गेलं व्हतं कशेळीला!"

दावा तिथेच फेटाळला गेला आणि तुळजाबाईंचा खर्च भाऊंनी भरून द्यावा, असा हुकूम झाला. एका कुलपापायी त्या बाईच्या भिंती दोन पावसाळे भिजल्या, याचा मला फार राग आला.

नंतर मॅडमच्या बदलीसाठी भाऊंच्या गोतावळ्यातून अर्ज गेले म्हणे. पण मॅडम अजून इथेच आहेत. लडकूही अंजूरचाच. तो कारकुनाला सांगत होता, की छपराचे पत्रे चढवायच्या दिवशी तुळजाबाई स्वतः जाऊन भाऊंना घेऊन आल्या. "भाऊ, या खेपेला कुलूप न्हाय ना?" असं वर म्हणाल्यासुद्धा! भाऊंनी मान खाली घालून नारळ फोडला आणि पाणी त्याच भिंतीवर शिंपडलं. पावसाच्या आधी छप्पर झालं.

खोटे दावे अजून येतात, पण माझ्यावर चढायचंय हे कळलं की बरेचसे वाटेतूनच माघारी फिरतात. मित्रांनो, रुसवेफुगवे शेजाऱ्याच्या दारात जाऊन मिटवा, आणि कुलूप दिसलं तर पुन्हा जा. न्यायाधीशाला न्याय करू द्या, त्याच्या घरी मासा धाडू नका. पण खरंच अन्याय झाला, तर मुळीच भिऊ नका. लडकूने छत्रीसाठी भिंतीत खिळा ठोकलाय, माझी जागा मोकळी आहे. या, चढा. भीती वाटली तर माझी वरची पट्टी धरा. त्या सुताराने ती तुमच्यासाठीच गुळगुळीत करून ठेवली आहे.