नेसच्या बटाट्याचं पान

नेस या शेतवाडीची बोर्गहिल्ड शेती संशोधन केंद्राच्या फाटकातून शिरली तीच नाक वर करून. इथल्या लोकांबद्दलचं तिचं मत खाडीच्या दोन्ही काठांना ठाऊक होतं. हिवाळ्यात चांगल्या कुरणावर मुद्दाम पाणी ओतून बर्फ करायचा, कुठलं गवत मरतं ते बघायचं आणि त्याचा पगार घ्यायचा. गवताचा नायनाट तिच्या मेंढ्या फुकटात करत होत्या.

आज मात्र गोष्ट तिच्या घरच्या बटाट्याची होती. नेसचा लाल बटाटा आजारी आहे, असं सांगून भाच्याने, आर्न्टने, मागे एक टोपली इथे आणून दिली होती. त्याच्या कोंबाचं टोक बाटलीत वाढवून यांनी म्हणे त्याला बरा केला होता.

"आत्या, हळू बोल. डॉक्टर इथेच आहेत."

"ऐकू दे की. नुसता ऐकायचा पगार मिळत असेल त्याला."

डॉक्टर एस्किल ओस्लोकडचा. बूट स्वच्छ. तो वरंब्याशी थांबला. "बाई, हा तुमचा नेस लाल. तुम्ही हो म्हणालात तर वसंतात याच नावानं काठावर सगळ्यांना बेणं देऊ. पण तुमच्या रानातला जुना एकही बटाटा बेण्याला ठेवायचा नाही. मावा ही कीड या रानातून त्या रानात रोग नेते."

बोर्गहिल्ड वाकली. पानं रुंद, सपाट, हिरवीगार. तिला हसू आलं.

"हा आमचा? डॉक्टर, तुमच्या बाटलीत पोर बदललं. नेसचं पान द्रोणासारखं मुरडलेलं असतं. सासूबाईंनी शिकवलेली खूण आहे. सरळ पानाचं झाड दिसलं की भेसळ समजायची आणि उपटून बांधावर टाकायची. इतके उन्हाळे मी दुसरं काय केलं?"

"उपटायचात?" एस्किल म्हणाला. "सरळ पानांची झाडं?"

"मग काय मुरडलेली?"

डॉक्टरने आर्न्टकडे पाहिलं. आर्न्टने स्वतःच्या बुटांकडे पाहिलं.

"आत्या, मुरड हाच रोग. तू उपटलीस ती धडधाकट होती."

"उद्या माझं नाकही वाकडं ठरवाल," ती म्हणाली. पण आवाज पहिल्यासारखा चढला नाही.

एस्किलने एक झाड खणलं. बटाटे धुऊन केंद्राच्या स्वयंपाकघरात उकडले आणि तिच्यापुढे बशी ठेवली. थुंकायचं ठरवूनच तिने घास घेतला.

साल आपोआप फुटली होती. आतला बटाटा कोरडा, पिठूळ, सालीजवळ किंचित गोड. नवी नवरी म्हणून नेसला आली तेव्हा सासूबाईंच्या ताटातला बटाटा असाच लागला होता. पुढे तो वर्षावर्षाला पाणचट होत गेला. तिने कधी जमिनीला बोल लावला, कधी पावसाला, कधी नवऱ्याला, तो मेल्यावरसुद्धा. पानाबद्दल सासूबाईंनी कधी अवाक्षर काढलं नव्हतं. काठावर कुणाकडेच नसलेली ती मुरड तिला खानदानी वाटली, म्हणून खूण तिनेच ठरवली आणि मेलेल्या बाईच्या नावावर खपवली.

"कसा आहे?" आर्न्टने विचारलं.

"मीठ कमी आहे." तिने बशीतला शेवटचा बटाटा उचलला. "आणि त्याला सांग, पाटीवर नाव नीट लिही म्हणावं. नेसचा बटाटा. पान सरळ. सासूबाईंच्या काळापासून."

"पण आत्या, मघाशी तूच..."

"मघाशी मी उपाशी होते."

घरी येऊन तिने कोट काढला नाही. खणायचा काटा घेऊन थेट रानात गेली. आर्न्ट मदतीला येतो म्हणाला, तर त्याला दारातूनच परतवून लावलं. मुरडलेलं एकेक झाड तिने एकटीने खणलं. बेण्याचा नेहमीचा ढीग वेगळा काढायला हात दोनदा आपसूक गेला, दोनदा तिने तो मागे घेतला. मग सगळा माल मेंढ्यांच्या हंड्यात उकडायला टाकला आणि जाळाशी बसून राहिली.

मेंढ्यांनी खळखळ न करता खाल्लं. त्यांना काय, पाणचट असलं तरी चालतं. नेसच्या लोकांनाही चाललंच होतं की.