मधल्या वाटेवर न पोचलेली हाक

मित्रांनो, मी एक जुना कर्णा आहे. काही जण मला भोंगाही म्हणतात. आपली कहाणी सांगणाऱ्याला ती निदान स्वतःला तरी कळलेली असावी, अशी अपेक्षा असते. माझे तसे नाही. काय घडले ते मी क्रमाने सांगू शकतो. ते माझ्याच बाबतीत कसे घडले, हे मात्र मला अजून नीट उमगलेले नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पत्रा साच्यावर दाबून माझे रुंद तोंड घडवले आणि मला राखाडी रंग दिला. माझ्या पाठीला एक डबी आहे. त्यात एक चुंबक आणि एक पातळ पडदा आहे. तारेतून वीज येते तसा तो पडदा पुढे-मागे हलतो आणि समोरच्या हवेला ढकलतो. यालाच तुम्ही आवाज म्हणता. त्याच दिवशी, त्याच साच्यातून माझा एक जोडीदारही निघाला. जत्रांना आणि उत्सवांना दिवे नि ध्वनी भाड्याने देणाऱ्या एका जोडप्याने आम्हा दोघांना विकत घेतले. सगळे त्यांना काका आणि काकू म्हणत. काकांचा जन्म दिव्यांच्या माळा लावण्यात गेला होता. ध्वनीचा व्यवसाय काकूंच्या आवाजामुळे सुरू झाला.

वर्षभर आम्ही फिरत असू. पण आज कुठला उत्सव आहे, हे मला कधीच खात्रीने कळत नसे. सगळीकडे माझ्या तोंडी तेच असे: हॅलो, हॅलो, एक, दोन, तीन. मग कुणाची छत्री सापडली आहे, कुणी रांग मोडू नये, कुणाचा मुलगा पाळण्यातून उतरायला तयार नाही. शेवटी, साफ करताना माझ्या तोंडातून काय निघते, यावरून मी अंदाज बांधू लागलो. पाकळ्या निघाल्या तर फुलांचा उत्सव. धूळ निघाली तर गुरांचा बाजार. भुसा निघाला तर सुगीची जत्रा, आणि काजळी निघाली तर दिव्यांचा उत्सव. एका वर्षी पाकळ्या आणि काजळी एकदम निघाली. मी पंधरा दिवस चक्रावून गेलो होतो. खरे म्हणजे मधल्या काळात मला कुणी पुसलेच नव्हते.

तरी लोक माझे कौतुक करत. "काकू, तुमचा कर्णा खणखणीत आहे हो," असे कुणी म्हटले की माझा पत्रा उगीचच तापल्यासारखा वाटे.

मग एका दिव्यांच्या उत्सवात कुणीतरी आवाजाचे बटण शेवटपर्यंत फिरवले. माझा पडदा फाटला आणि डबीतल्या लाल-काळ्या तारा जळाल्या. काकांनी नवा पडदा आणला. तारा मात्र दिव्यांच्या माळेतल्या उरलेल्या वापरल्या. दोन्ही पांढऱ्या.

"अहो, यातली कुठली कुठे जोडायची, ते कसं कळणार?" काकूंनी विचारले.

"तारेला काय उजवं-डावं असतं?" काका म्हणाले. "दिव्याला कशीही जोड, पेटतोच की नाही?"

त्यांनी मला दुकानात एकट्याला वाजवून पाहिले. मी खणखणीत वाजलो. "बघ," काका म्हणाले. मीही निश्चिंत झालो. एकट्याने वाजण्यात मी आजही कुठे कमी नाही, आणि नेमका इथूनच माझा गोंधळ सुरू होतो.

दुरुस्तीनंतरची पहिलीच जत्रा सुगीची होती. मैदानाच्या टोकाला, प्रवेशद्वाराशेजारी, पुकारा करायची काकूंची लाकडी कोठी होती. तिच्या छपराच्या एका कोपऱ्यावर मी आणि दुसऱ्यावर जोडीदार, दोघांचीही तोंडे गर्दीकडे. कोठीच्या खिडकीसमोरून, आम्हा दोघांच्या बरोबर मधून, एक सरळ वाट मैदानात जाई.

चार वाजता पोलिसकाकूंनी एका सहा-सात वर्षांच्या मुलीला आणून काकूंच्या शेजारी बसवले. हिरवा फ्रॉक, एका पायात सँडल.

"नाव काय ग तुझं?"

"चिंगी."

"आणि आईचं?"

"आई."

"अगं, पण लोक तिला काय म्हणतात?"

चिंगीने विचार केला. "शिवणवाल्या बाई."

काकूंनी पुकारा केला. "शिवणवाल्या बाई, तुमची चिंगी आमच्याकडे सुखरूप आहे. प्रवेशद्वाराशेजारच्या कोठीत या." मी जीव तोडून ओरडलो. जोडीदारही ओरडला. कुणी आले नाही. काकूंनी पुन्हा सांगितले. मग पुन्हा. अर्धा तास गेला.

डावीकडून फुगेवाला आला. "काकू, ती चिंगी आता माझ्या फुग्यांनासुद्धा पाठ झाली. मिळाली का आई?"

"तिकडे नीट ऐकू येतंय?"

"नीट? कान किटले."

चिंगी हे ऐकत होती. ती रडली नाही. नखाने टेबलाचे सालपट काढत म्हणाली, "आईला ऐकू येतंय. ती मुद्दाम येत नाहीये."

"असं का म्हणतेस बाळा?"

"मी हात सोडून पळाले. ती म्हणाली होती, पुन्हा पळालीस तर तू हाक मारलीस तरी मी येणार नाही."

काकूंनी माइक उचलून पुन्हा पुकारा केला. या वेळी त्यांचा आवाज थोडा कापला. मी तो कापही जसाच्या तसा पोचवला. निदान मला तसे वाटले. समोरच्या वाटेवर, दूर एका बाकावर एक बाई बसली होती. गळ्यात मोजपट्टी तशीच राहिलेली. ती आमच्याकडे पाठ करून गर्दीतला एकेक चेहरा न्याहाळत होती. मी चिंगीच्या आईला हाका मारत होतो आणि या बाईकडे पाहत होतो. दोघी एकच आहेत, हे मला कसे कळणार?

काका वाटेने चालत गेले आणि कपाळाला आठ्या घालून परत आले. "मधे आवाज बुडतोय ग. गोंगाटात काही कळत नाही. हा दुरुस्त केलेलाच दगा देतोय." त्यांनी माझी तार काढली. मी मुका झालो.

एकट्या जोडीदाराने हाक दिली. बाकावरची बाई ताडकन उठली आणि धावत आली.

मित्रांनो, त्या क्षणी मला काय वाटले असेल? मी ओरडत होतो तोवर ती आली नाही, आणि मी गप्प झाल्यावर आली.

पण चिंगी काकूंच्या खुर्चीमागे लपली. "तू ऐकत होतीस."

"नाही ग राणी. एक शब्द नाही आला कानावर. चुकलीस तर मी बाकावरच असेन, असं सांगितलं होतं ना? म्हणून जागची हलले नाही."

"बाकं खूप होती. आणि फुगेवाल्याला ऐकू आलं होतं."

आई तिच्यासमोर खाली बसली. तेव्हा काकू म्हणाल्या, "अहो, ती तार पुन्हा लावा. होतं तसंच सगळं करा. चिंगे, तू आईला घेऊन त्याच बाकावर जा बघू."

दोघी गेल्या, एकमेकींपासून हातभर अंतर ठेवून. काकूंनी माइकमध्ये चिंगीचेच नाव घेतले. आम्ही दोघांनी पूर्ण ताकदीने हाक दिली. चिंगी बाकावर नुसती बसून होती. मग ती उठून चार पावले डावीकडे गेली आणि दचकून वर बघू लागली. पुन्हा बाकावर आली. पुन्हा बाजूला गेली. तिसऱ्यांदा बाकावर आल्यावर ती आईच्या मांडीवर चढली, आणि मोजपट्टीचे टोक मुठीत धरून तिथेच राहिली.

काकूंच्या सांगण्यावरून काकांनी माझ्या दोन तारांची अदलाबदल केली. मधल्या वाटेवरही आवाज खणखणला.

"आता कळलं?" काकू म्हणाल्या. "उलट्या जोडलेल्या तारेने एक पडदा हवा पुढे ढकलत होता, तेव्हाच दुसरा मागे ओढत होता. वाटेच्या मधोमध दोघं सारख्याच अंतरावर, म्हणून तिथे दोन्ही आवाज एकमेकांना पुसून टाकत होते. बाजूला सरकलं की एक जवळ, दुसरा लांब. मग ऐकू यायचं."

"दिव्याला असं काही होत नाही," काका पुटपुटले. पण त्या दिवसापासून ते प्रत्येक तारेला लाल दोऱ्याची खूण बांधतात.

मी हे सगळे ऐकले, तरी माझा गोंधळ पुरता मिटलेला नाही. मी तेच शब्द उच्चारत होतो, तितक्याच मनापासून. तरी माझ्याच शब्दांनी जोडीदाराची हाक पुसली आणि एका मुलीला वाटले की आपली आई मुद्दाम येत नाही.

म्हणून विनंती इतकीच, मित्रांनो. आमच्यासारख्या जुन्या वस्तू दुरुस्त कराल तेव्हा घाई करू नका. नुसते वाजते आहे यावर समाधान मानू नका, आम्ही जिथे काम करतो तिथे उभे राहून ऐका. आणि तुमच्या हाकेला कुणी ओ दिली नाही, तर त्याच्यावर रुसण्याआधी तो बसला आहे त्या बाकावर जाऊन क्षणभर बसा. कदाचित तिथे तुमचा आवाज पोचतच नसेल.