दुसऱ्या आवाजाची जागा

वॉल्टर जवळच्या यॉर्कटन शहरात जाऊन नव्या घराच्या बैठकीची मापं घेऊन आला आणि जेवताना त्याने निकाल देऊन टाकला.

"तीन. पलंग, सोफा, तुझं शिवणाचं मशीन आणि तीन गिटारी. चौथी आणलीस तर मी बाल्कनीत झोपणार."

"झोप की," झेनिया म्हणाली. "जानेवारीत झोप. वसंतापर्यंत एक जागा आपोआप रिकामी होईल."

वॉल्टर हसला आणि त्याने पेरोगींवर, म्हणजे बटाटा भरून उकडलेल्या करंज्यांवर, आणखी थोडी आंबट साय ओतली. पण तीनचे चार काही झाले नाहीत. शेत शेजारच्या डोरोशच्या पोराने घेतलं होतं, शेवटचा गहू कापून झाला होता, आणि बर्फ पडायच्या आत दोघांना दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात जायचं होतं. वॉल्टरचे गुडघे आता जिन्याचं नाव काढलं तरी कुरकुरत.

मुलं मोठी होऊन निघून गेली तेव्हापासून त्यांच्या खोलीत गिटारींचं राज्य होतं. अकरा होत्या. काही भिंतीवर टांगलेल्या, काही पेट्यांत, एक खाटेवर आडवी, आजारी माणसासारखी. रोज सकाळी चहा झाला की झेनिया त्या खोलीत जाई, एक गिटार मांडीवर घेई, सुरात लावी आणि वाजवून बघे. प्रत्येकीवर ती एकच चाल वाजवी. त्यांच्या युक्रेनी लग्नांत नवरीचं डोक्यावरचं जाळीचं वस्त्र उतरवून तिला रुमाल बांधतात, तेव्हा वाजवायची ती संथ चाल. तिच्या वडिलांच्या, म्हणजे तातोच्या बँडची ती खासियत होती. ती सुरू झाली की नवरीकडच्या बायकांचे हातरुमाल डोळ्यांना लागलेच म्हणून समजा.

बारा तारांची गिटार लगेच बाजूला निघाली. तिला वाजवण्यापेक्षा सुरात लावण्यातच निम्मं आयुष्य गेलं होतं. काळी इलेक्ट्रिक हॉलमधल्या नाचासाठी घेतलेली. आता ना ते नाच राहिले, ना रात्रभर उभं राहायची कंबर. तीही गेली. पण नंतरच्या गिटारींपाशी मात्र गाडी अडली. एकीच्या खालच्या तारा छान घुमत. दुसरीचा वरचा सूर कोरडा, स्वच्छ, थंडीत लाकूड फुटल्यासारखा. तिसरी कानाला साधीच होती, पण तार सोडल्यावर सूर विझायला जरा वेळ घेई. एकीला हात लावला की दुसरी सोडवेना.

एक दिवस वॉल्टर दारात काठी टेकून बराच वेळ उभा राहिला.

"झेनिया, तू निवडतेयस की काहीतरी शोधतेयस?"

तिने मांडीवरची गिटार पुन्हा सुरात लावायला घेतली. तेवढ्यावर त्याला उत्तर मिळालं. त्याने भिंतीवरच्या लाल, चकचकीत गिटारीकडे बोट दाखवलं. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला ती त्याने स्वतः रेजायनाहून आणली होती.

"आधी तिला काढ. तुला ती कधीच आवडली नाही."

"कोण म्हणतं?"

"दर नाताळात मी खोलीत असलो की तू ती काढतेस आणि दोन गाणी वाजवतेस. मी बाहेर गेलो की परत खुंटीला. वीस वर्षं बघतोय. रंग बघून घेतली मी. वाजवून बघायची अक्कल कुठे होती?"

झेनियाने त्याचा हात धरला आणि म्हणाली, "तिचा आवाज म्हणजे नुसता डबा आहे रे."

"माझाही तसाच आहे," वॉल्टर म्हणाला. "मला मात्र ठेवून घेतलंस."

लाल गिटार गेली. तरीही उरलेल्या आठांमध्ये ती काय शोधत होती, हे झेनियाला पक्कं ठाऊक होतं. तातोची गिटार. फुगीर पोटाची, व्हायोलिनला असतात तशा दोन वळणदार फटींची, कडेला काळपट आणि मध्ये मधाच्या रंगाची. झेनिया चौदा वर्षांची असताना तातोने ती तिच्या गळ्यात अडकवली होती. तातो व्हायोलिन वाजवी, धाकटा काका काठ्यांनी त्सिंबाली वाजवी, आपल्याकडच्या संतूरसारखी, आणि गिटारीचा ठेका झेनियाचा. पण लोक खरे यायचे ते दोघी बहिणींच्या गाण्यासाठी. झेनिया वरून गाई आणि मारुस्या, तिच्याहून तीन वर्षांनी लहान, जरा खालून. मारुस्याचा आवाज एकटा ऐकला तर त्यात विशेष काही नव्हतं. जाडसर, किंचित खरखरीत. पण झेनियाच्या आवाजाखाली तो येऊन बसला की झेनियाला आपलाच आवाज नवा वाटायचा. पायाखाली कुणीतरी फरशी घातल्यासारखा.

एकोणिसाव्या वर्षी मारुस्याने गॉर्डन नावाच्या इंग्रज पोराशी लग्न ठरवलं. तो दूर पश्चिमेला, प्रिन्स जॉर्जच्या लाकूड गिरणीत कामाला होता. तातो म्हणाला, आमच्या चर्चमधला नाही, आमची भाषा येत नाही, मी येणार नाही. आणि खरंच आला नाही. जवळच्या कॅनोरा गावाच्या बस थांब्यावर तिला सोडायला एकटी झेनिया गेली. त्या संध्याकाळी एका लग्नात वाजवायचं होतं, म्हणून गिटार तिच्या खांद्यालाच होती. बस आली, मारुस्या रडायला लागली, आणि झेनियाला काय सुचलं कोण जाणे, तिने खांद्यावरून पट्टा काढला आणि गिटार बहिणीच्या हातात दिली.

"घेऊन जा. पण परत आणून दे मला. कळलं?"

गिटार परत द्यायची म्हटलं की मारुस्याला यावंच लागेल, एवढाच तिचा हिशेब. त्या संध्याकाळी तिने उसन्या गिटारीवर लग्न निभावलं. तातोने एकदा तिच्या हाताकडे पाहिलं आणि व्हायोलिन खांद्याला लावलं. त्याने कधी विचारलं नाही.

मारुस्या आली. तातो गेला तेव्हा, आई गेली तेव्हा. विमानाने आली, दोन दिवस राहिली आणि गेली. गिटार दोन्ही वेळा आणली नाही, आणि अशा वेळी ती मागायची तरी कशी? झेनिया मात्र लिलावांतून, दुकानांतून, मेलेल्या माणसांच्या घरांतून गिटारी आणत राहिली. कुठे जुना सूर किंचित कानावर आला की घ्यायची.

शेवटी झेनियाने बहिणीला फोनवर चार ओळी लिहून पाठवल्या. घर सोडतोय, गिटारी कमी करतेय, तुला एखादी हवी का? गेल्या दीड-दोन वर्षांत त्यांचं बोलणं असं लेखीच चाललं होतं. मारुस्या फोन उचलत नसे. नाताळलाही नुसतं कार्ड आलं होतं. एकदा कधीतरी उचलला तेव्हा बसलेल्या घशाने म्हणाली होती, सर्दी झालीय, मग करते. पुन्हा काही केला नाही. झेनियाच्या मनात ते टोचत होतं.

उत्तर लगेच आलं. "मला नको. आवरायला मी येते. गिटार घेऊन येते."

झेनियाने ते वाचलं, पुन्हा वाचलं आणि वॉल्टरला दाखवलं.

"म्हणजे चौथी," वॉल्टर म्हणाला.

"चौथी नाही. मी दोनच ठेवते."

पुढचे दिवस तिचे हात भराभर चालले. नायलॉनच्या तारांची, जिच्यावर तिने चर्चच्या तळघरात पोरांना शिकवलं होतं, ती राहिली. रुंद पोटाची, उत्तरेकडच्या एका लिलावातली, उघडली की आजही डांबरगोळ्यांचा वास येणारी, तीही राहिली. बाकीच्यांना पेट्यांत घालताना तिला आता काही वाटेना. खरी वस्तू घरी येत असताना नकला कशाला?

मारुस्या विमानाने आली नाही. सत्तरीची बाई आपला छोटा ट्रक एकटीने हाकत, वाटेत दोन मुक्काम करत अंगणात येऊन थांबली. गॉर्डन जाऊन चार वर्षं झाली होती. शेजारच्या सीटवर गिटारीची पेटी होती, तिला माणसासारखा पट्टा बांधलेला. मारुस्या उतरली, बारीक झाली होती, मानेला निळा रुमाल होता. झेनियाने तिला मिठी मारली आणि मारुस्या तिच्या कानाशी काहीतरी म्हणाली. नुसती हवा आल्यासारखी वाटली.

"काय म्हणालीस?"

मारुस्या मागे सरकली आणि तिने रुमाल खाली ओढला. गळ्यावर आडवा व्रण होता.

"ऑपरेशन झालं," ती कुजबुजली. कुजबुज हाच आता तिचा आवाज होता. "गाठ निघाली. सोबत आवाजाची नसही गेली. एवढाच उरलाय."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"कसं सांगू? फोनवर?" मारुस्याच्या डोळ्यांत जुनं मिश्कील हसू आलं. "हॅलो म्हटलं की लोक ठेवून देतात. घाणेरडा फोन आलाय म्हणून."

वॉल्टर खो खो हसला. झेनियाला हसू आलं नाही. दीड-दोन वर्षं बहिणीवर धरलेला राग आता कुठे ठेवावा, हे तिला कळेना.

जेवणं झाली. वॉल्टरने बीटचं सूप स्वतः तापवून दिलं आणि पाय मोकळे करतो म्हणून बाहेर गेला. मारुस्याने पेटी उघडली. ती गिटार आपल्याला आठवते तेवढी चांगली नसणार, अशी मनाची तयारी झेनियाने वाटेवर डोळे लावून बसल्यापासून केली होती. इतक्या वर्षांत आठवणीला साखर चढतेच.

मारुस्याने पहिली तार सोडली आणि झेनियाची तयारी वाया गेली. गिटार आठवणीहून चांगली होती. लाकूड म्हातारं होऊन मोकळं झालं होतं. ज्या गोष्टी तिने आठ गिटारींत वेगवेगळ्या जमवल्या होत्या, त्या इथे एकाच पोटातून, काही प्रयत्न नसल्यासारख्या निघत होत्या. आणि मारुस्या वाजवत होती किती छान. पूर्वी तिला बोटांच्या जेमतेम तीन पकडी येत.

मारुस्याने तीच चाल धरली, नवरीच्या रुमालाची, आणि हनुवटीने खूण केली. गा.

झेनियाने सुरुवात केली. दुसऱ्या ओळीला, जिथे मारुस्या खालून यायची, तिथे झेनियाचा आवाज सवयीने जरा मवाळ झाला, सरकून जागा करून दिल्यासारखा. त्या जागेत कुणी आलं नाही. मारुस्याचे ओठ हलत होते. शब्द सगळे बरोबर होते, फक्त ऐकू येत नव्हते. झेनियाने तिसरी ओळ कशीबशी म्हटली आणि थांबली.

"थांबू नकोस," मारुस्या कुजबुजली. "मला ऐकू येतंय. माझं मला आतून येतं ऐकू. तुझं बाहेरून लागतं."

झेनियाने गाणं पूर्ण केलं. दर ओळीला ती जागा सोडत गेली.

पुढचे दोन दिवस मारुस्याने खोलीचा ताबा घेतला. दया-माया तिच्यात कधीच नव्हती. "ही? हिची मान वाकडी. ही कशाला घेतलीस, दारू प्यायली होतीस?" असं पुटपुटत तिने पेट्या ट्रकमध्ये भरल्या आणि दोघींनी त्या कॅनोराच्या हॉलमध्ये नेऊन दिल्या. तिथले म्हातारे दर आठवड्याला वाजवायला जमत. काळी इलेक्ट्रिक डोरोशच्या सुनेने नेली. लाल गिटार वॉल्टरने शेवटच्या क्षणी मागून घेतली आणि ट्रॅक्टर घेणाऱ्याला वर फुकट देऊन टाकली.

जायच्या सकाळी मारुस्याने तातोची गिटार पेटीसकट झेनियापुढे धरली.

"परत आण म्हणाली होतीस. जरा उशीर झाला."

झेनियाने ती काढून मांडीवर घेतली. आता उजेडात तिला नीट दिसलं. वरच्या कडेला, मारुस्याचा हात टेकतो तिथे, रोगण उडून पांढरं लाकूड उघडं पडलं होतं. मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांवर तिच्या बोटांनी खाचा पाडल्या होत्या. गळ्यात अडकवायचा पट्टा तिच्या ठेंगण्या अंगाला बेतून कापलेला. झेनियाने तो गळ्यात घालून पाहिला. गिटार तिच्या छातीशी फार वर आली.

"संध्याकाळी काय करतेस तिकडे?" तिने विचारलं.

"वाजवते."

"आणि बोलतेस कुणाशी?"

मारुस्याने खांदे उडवले. मग गिटारीच्या पोटावर दोन बोटं टेकवली.

झेनियाने पट्टा गळ्यातून काढला. मग उठली, गिटार पेटीत घातली, पेटी ट्रकच्या सीटवर ठेवली आणि पट्टा ओढून लावला.

"ऐकून ठेव," ती म्हणाली, "मला ती हवी आहे. तेव्हापासून रोज हवी आहे. नको म्हणून देत नाहीये. आता घेऊन जा."

मारुस्या ट्रकमध्ये बसली आणि खिडकीतून काहीतरी म्हणाली, पण इंजिन सुरू झालेलं होतं. झेनियाने पुन्हा विचारलं नाही. ट्रक खडीच्या रस्त्याने धूळ उडवत गेला, वळणावर त्याचे मागचे लाल दिवे लागले आणि दिसेनासा झाला. वॉल्टर जवळ येऊन उभा राहिला. 

बर्फ पडायच्या आत ते यॉर्कटनला गेले. बैठकीत दोनच गिटारी आल्या. वॉल्टर म्हणाला, तिसरी आण हवी तर, मापात बसते. झेनिया म्हणाली, बघू. दुकानांत ती गेली नाही.

रविवारी दुपारी मारुस्या फोन करते. तिकडे ती फोन टेबलावर ठेवते, इकडे झेनिया स्पीकर लावते. बोलणं थोडं असतं आणि तेही झेनियाचंच. मग मारुस्या वाजवते आणि झेनिया गाते. पण आवाज एवढ्या लांबून येतो, तेवढ्यात एक अर्धा क्षण मध्येच कुठेतरी हरवतो. गिटार मागे राहते, गाणं पुढे जातं. पहिल्यांदा झेनियाने हळू गाऊन पाहिलं, तर तिकडे मारुस्या आणखी हळू झाली. मग घाई करून पाहिली. काहीही केलं तरी दोघी एका ठिकाणी भेटत नाहीत.

आता त्यांनी जुळवायचा नाद सोडलाय. झेनिया आपल्या वेगाने गाते, दुसऱ्या ओळीला आवाज मवाळ करते, आणि थोड्या उशिरा, ओळ संपता संपता, प्रिन्स जॉर्जहून त्या जागेत गिटार येते.